सम्यकचं कडं

हळूच सांगते हं, सम्यक आत झोपलाय. सम्यक म्हणजे माझा धाकटा भाऊ.

काम तसं रोजचंच होतं. बिडकीनजवळ शहराच्या पाण्याची पोलादी पाइपलाइन तपासायची होती. माणूस आत उभा राहील एवढा तो पाइप. रिकाम्या पाइपातून चुंबक आणि सेन्सर लावलेली गाडी ढकलत न्यायची. पोलाद झिजलेलं असलं की बाहेर माझ्या लॅपटॉपवरच्या रेषेला उंचवटा येतो. गाडी ढकलायचं काम सम्यकचं.

आत जाताना अंगावर लोखंड चालत नाही, नाहीतर सेन्सर फसतो. सम्यकनं किल्ल्या, पट्टा, मनगटातलं लोखंडी कडं, सगळं माझ्याजवळच्या प्लास्टिकच्या डब्यात टाकलं आणि तो आत गेला.

दुपार रणरणत होती, पण पाइपाच्या तोंडातून ओल्या गंजाचा गारेगार वास येत होता. बराच वेळ रेषा सरळ राहिली. मग एक उंचवटा आला. झीज असती तर गाडी पुढं गेल्यावर ती मागं पडली असती. हा उंचवटा गाडीबरोबर चालत होता.

मी वाकून ओरडले, "सम्या, खिशात काही राहिलंय का?"

"नाय ताई... सगळं तुझ्याकडंच दिलंय."

"गाडी थांबव."

गाडी थांबली. उंचवटा मात्र वाढत गेला... कुणी जवळ येत असावं तसा.

"ताई... आत अजून कुणाला सोडलंय का?"

"मागं फिर! आत्ताच्या आत्ता!"

बराच वेळ काहीच नाही. मग चाकांची घरघर, आणि सम्यक बाहेर आला. मी त्याला घट्ट धरलं. अंग गार होतं. गाडी त्यानं माझ्या खुर्चीशेजारी लावली. सेन्सर चालूच होता. तो पाणी प्यायला लांब गेला, रेषा सपाट झाली. परत आला, रेषा चढली.

त्यानं डब्याकडं हात नेला, तर कडंच सरकत आलं आणि त्याच्या बोटांना चिकटलं.

"इतका वेळ चुंबकापाशी होतो ना," तो हसला.

पण माणसाला असं चुंबक लागत नाही. हे मला नाही कळणार तर कुणाला?

व्हॉल्व्हपाशी उभे असलेले साहेबराव ओरडले, "मॅडम, लाइन ठीक हाय ना? सोडू का पाणी? शहरातून सारखे फोन यायलेत."

मी नोंद पुन्हा चाळली. पाइपात कुठंच खोट नव्हती. पण अंगावर लोखंड नसलेला माणूस आत राहिला असता, तरी ती रेषा अशीच सरळ दिसली असती.

मी धावत पाइपाच्या तोंडाशी गेले, कान लावला. लोखंडानं मारलं की पाइप खणखणतो. आतून, फार लांबून, दबका आवाज येत होता... उघड्या तळहातानं थापटल्याचा.

साहेबरावांना थांबवायला मी तोंड उघडलं. खांद्यावर गार हात पडला, आणि माझ्यामागून सम्यकचा आवाज आला.

"सोडा काका! ताई व्हय म्हणती!"