दोन वाजून दहाचा स्कॅन

ही गोष्ट खरी आहे. यात माझ्या पदरचं काही नाही.

माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीवर हा प्रसंग गुदरला, आणि ताईला बाता मारायची सवय नाही. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की "पुरे करा, कामं पडलीयत" म्हणून उठणाऱ्यांतली ती.

रात्र, अंधार, सोसाट्याचा वारा असलंही यात काही नाही. मंगळवार होता. दुपारचे दोन.

ताई एका मोठ्या हॉस्पिटलात एमआरआयची टेक्निशियन आहे. मशीन तळघरात. खिडकी नाही. एका खोलीत मशीन, मध्ये जाड काच, आणि काचेच्या अलीकडे ताईची खुर्ची, मॉनिटर आणि माईक. त्या वर्षी तिथे एक अभ्यास चालू होता. वजन खूप वाढलेल्या माणसांच्या लिव्हरमध्ये चरबी किती साठलीय, हे सुई न टोचता स्कॅनवर मोजायचं. उत्तर टक्क्यांत येतं.

यात एक अट असते. फोटो निघेपर्यंत श्वास थांबवायचा. पोट जरा हललं की सगळं पुसट. म्हणून ताई माईकवर सांगते, "श्वास सोडा... आता घेऊ नका..." आणि अठरा सेकंदांनी, "घ्या श्वास." दिवसभर हेच. झोपेतसुद्धा ती हेच बडबडते, असं दाजी म्हणतात.

त्या अभ्यासात शाळेच्या बसचे एक ड्रायव्हर होते. वजन एकशे बेचाळीस किलो. पोरं त्यांना बसकाका म्हणायची, मग ताईही तेच म्हणायला लागली. पहिल्या दिवशी टेबलावर आडवं होता होता त्यांनी विचारलं, "मॅडम, टेबलाचा विमा काढलाय ना?"

ताईला हसू आवरेना. पण माणूस हौसेने आला नव्हता. त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलीचं लिव्हर निकामी होत चाललं होतं. बापाच्या लिव्हरचा तुकडा तिला चालणार होता, रक्तगटही जुळला होता. फक्त चरबी भरलेलं लिव्हर उपयोगाचं नाही. आकडा पाचाच्या खाली आणा, मग बघू, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

आकडा आला तेवीस.

तो बघून ताईला इतकं वाईट वाटलं की ती "घ्या श्वास" म्हणायचंच विसरली. भानावर आली तेव्हा पन्नास सेकंद होऊन गेले होते. बसकाका बाहेर आले ते लालबुंद, घामाने निथळत.

"अहो, घ्यायचा ना श्वास! भलतंच काही झालं असतं म्हणजे?"

"तुम्ही सांगितलंच नाहीत," ते धापा टाकत म्हणाले. "तुम्ही सांगेपर्यंत घ्यायचा नाही, असं ठरवूनच आलोय. पोरीचं काम आहे, मॅडम. फोटो हलता कामा नये."

ताईने तेव्हाच कानाला खडा लावला. पुन्हा असं विसरायचं नाही.

पुढचा स्कॅन तीन महिन्यांनी होता. तेवढ्या दिवसांत त्या माणसाने स्वतःचे हाल करून घेतले. पहाटे चालायचं, बस लावून आलं की जिने चढायचे, ताटातलं अर्धं परत करायचं. एकदा फोनवर म्हणाले, "पँट दोरीने बांधतोय. कुठे पळताना दिसलो तर समजून घ्या."

मग तो मंगळवार आला.

दोनला मदतनीस मामा जेवायला गेले. ताई एकटीच होती, दाराकडे पाठ करून कागद लावत होती. त्या दाराला वजनदार बिजागऱ्या आहेत, उघडलं की कुरकुरतं.

त्या दिवशी... कुरकुरलं नाही.

ती वळली तर बसकाका उभे.

अंगात हॉस्पिटलचा ढगळ झगा. पाय अनवाणी. माणूस निम्मा झाला होता. मामांनीच जाता जाता कपडे बदलून पाठवलं असेल, असं ताईला वाटलं.

"अरे वा! ओळखूच येत नाही तुम्ही. लेक कशी आहे?"

ते फक्त टेबलाकडे बघत होते.

आकड्याची धास्ती घेतलीय बिचाऱ्यांनी, ताईच्या मनात आलं. तिने जास्त छेडलं नाही.

ते आडवे झाले. टेबल एरवी लहान मूल झोपलं तरी करकरतं.

आवाज... आलाच नाही.

ताईने त्यांच्या पोटावर श्वास मोजणारा पट्टा बांधला. त्यांचा हात लागला, तो गार होता. पण तिथे एसी इतका असतो की सगळ्यांचेच हात गार पडतात. ती काचेआड आली. मॉनिटरवर श्वासाची रेघ वरखाली व्हायला हवी होती.

रेघ... सपाट.

पट्टा सैल बांधला गेला असेल. तिने स्पीकरचा आवाज वाढवला. माणूस आत असला की काही ना काही ऐकू येतं. खोकला, घसा खाकरणं, घाबरलेला श्वास. त्या दिवशी नुसता मशीनचा पंप ऐकू येत होता. टुक... टुक... टुक...

"श्वास सोडा," ताई म्हणाली. "आता घेऊ नका."

घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

फोटो उमटायला लागले. ताई सांगते, बारा वर्षांत तिने असे फोटो पाहिले नव्हते. माणसाने कितीही श्वास रोखला तरी आत काळीज धडधडतं, कडा किंचित थरथरतात.

इथे काहीच... हललं नव्हतं.

आणि आकडा आला. चार.

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. माईकचं बटण दाबायला तिने हात पुढे केला, आणि फोन वाजला.

शहरातल्या दुसऱ्या हॉस्पिटलातून एक बाई बोलत होत्या. "तुमच्याकडे आज एका बस ड्रायव्हरांचा स्कॅन होता ना? ते येणार नाहीत हो. काल संध्याकाळी जिन्यात कोसळले. मेंदूत रक्तस्राव झालाय."

ताईने फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"आत्ता त्यांची शेवटची चाचणी चालू आहे. व्हेंटिलेटर काढलाय, स्वतःहून श्वास घेतायत का बघतायत. दहा मिनिटांत घेतला नाही, तर संपलं. घरचे म्हणतात, लिव्हर मुलीलाच द्या. पण तुमचा रिपोर्ट तेवीसचा आहे. तसंच असेल तर सर्जन हात लावणार नाहीत. नवीन काही आहे का तुमच्याकडे?"

ताईने काचेतून पाहिलं.

टेबल रिकामं होतं.

पट्टा मात्र बांधलेला होता. तसाच, गोल, आत कोणी नसलेला.

"हॅलो? आहात ना?" बाई विचारत होत्या. मॉनिटरवर बसकाकांचं नाव होतं, आजची तारीख होती, वेळ होती. पुसून टाकलं तर ती पोर गेली. पाठवलं तर उद्या कोणी वेळ बघून विचारलं की हा कोणाचा स्कॅन, काय सांगणार?

"चार टक्के," ताई म्हणाली. "ताजा आहे. पाठवते."

या सगळ्यात माईकचं बटण दाबून "घ्या श्वास" म्हणायचं राहून गेलं.

वेळ कोणीच पाहिली नाही. सर्जन म्हणाले, एवढं स्वच्छ लिव्हर क्वचित मिळतं. मुलगी वाचली.

दीड महिन्याने ती तपासणीसाठी आईबरोबर त्याच तळघरात आली. मुलगी कपडे बदलायला गेली, तेव्हा आई ताईजवळ बसली. रडली नाही. शांतपणे सांगत राहिली.

"ताई, सकाळी पहिली चाचणी केली तेव्हा ह्यांची छाती हलल्यासारखी वाटली होती. डॉक्टरही चपापले. म्हणून दुपारी परत केली, दोन वाजून दहाला. मी हात धरून होते. दहा मिनिटं, अगदी निश्चल. तुम्हाला वेडेपणा वाटेल, पण मला वाटत होतं, हे कोणी सांगायची वाट बघतायत."



ताई उठली. मुलीला टेबलावर घेतलं, पट्टा बांधला, काचेआड आली. "श्वास सोडा... आता घेऊ नका..."

अठरा सेकंद.

"घ्या श्वास."

स्पीकरमधून मुलीचा श्वास आला. नाजूक, भरभर.

आणि त्याच्यामागून...

आणखी एक.

मोठा, खोल, घशातून ओढलेला. खूप वेळ पाण्याखाली राहिलेला माणूस वर येऊन घेतो तसा.

म्हणजे तोपर्यंत बसकाकांनी श्वास घेतलाच नव्हता.

ताईने हे त्या माउलीला सांगितलेलं नाही. दाजींनाही नाही. फक्त मला सांगितलं, आणि दर वेळी भेटली की तेच विचारते. "मी त्या दिवशी वेळेवर घ्या म्हटलं असतं, तर त्यांनी घेतला असता का रे? आणि घेतला असता, तर ती पोर...?"