बाईंच्या आवाजाची डिस्क

"ताई, बाईंचं गाणं माझ्या हातून पडलं." फोनवर बाईंची शिष्या रडत होती.

दुपारपर्यंत ती हार्ड डिस्क डिस्कवालीच्या टेबलावर आली. गल्लीत तिला सगळे डिस्कवालीच म्हणायचे. बंद पडलेल्या डिस्कमधलं परत काढून देणं हा तिचा धंदा. पण हे काम साधं नव्हतं. गाणाऱ्या बाईंचा आवाज घशाच्या ऑपरेशनमध्ये कायमचा गेला होता, आणि जन्मभर गायलेलं जे काही उरलं ते या एवढ्याशा डबीत होतं.

तिने डबी उघडून डिस्क जोडली. डिस्क फिरली, टकटक केली, पण कॉम्प्युटरला काही ओळख देईना. तिने ती उलटी करून खालचा सर्किट बोर्ड भिंगाखाली धरला. बोर्डावरची तारीख वाचली, डिस्कच्या झाकणावरची वाचली, पुन्हा बोर्डावरची वाचली.

"हे काय भलतंच," ती पुटपुटली, आणि डिस्क घेऊन थेट बाईंच्या घरी गेली.

बाई खिडकीशी बसल्या होत्या, मांडीवर पाटी-पेन्सिल. बोलायचं ते आता त्या लिहायच्या. त्यांचे यजमान कोपऱ्यात पेपर वाचत होते. काकांनी हयातभर घड्याळं दुरुस्त केली होती, त्यांचे बारीक स्क्रूड्रायव्हर अजून टेबलावर ओळीने लावलेले होते. शिष्या दारातच उभी होती. सकाळपासून तिला कोणी आत ये म्हटलं नव्हतं.

"कुठून पडली?" डिस्कवालीने विचारलं.

"टेबलावरून. पण खाली गालिचा होता, ताई. आवाजसुद्धा झाला नाही."

"पडायच्या आधी चालत होती?"

"माहीत नाही. मी लावायलाच घेतली होती."

"हिची दुसरी प्रत नाही?"

"होती की," काका म्हणाले. "नंतर घेतलेली, अगदी अशीच. वर्षभरात आतून मेली. ही काय, पेपर उडू नये म्हणून ठेवलीय."

बाईंनी पाटी वर धरली. 'मिळेल?'

"मिळेल. हिचा स्वतःचा बोर्ड मिळाला तर." डिस्कवाली काकांच्या टेबलाशी गेली. "डिस्क आधी बनली आणि बोर्ड तिच्यानंतर दोन वर्षांनी. असं होत नाही. म्हणजे कोणीतरी बोर्ड बदललाय. दिसायला सारखा असला तरी प्रत्येक बोर्डात आपापल्या डिस्कची खूण असते, परक्या बोर्डावर ती चालत नाही. पडून बोर्ड बदलत नाही, तेव्हा या पोरीचा दोष नाही."

"मग कोणी?" शिष्येने विचारलं.

"स्क्रू पाहा. चांदणीच्या आकाराचे, इवलेसे. नवशिका असता तर डोकी झिजवली असती. इथे साधा ओरखडा नाही. शिवाय ज्याला गाणं नको असतं, त्याने हातोडी घातली असती. याने ते जपून ठेवलंय." तिने पेपरावरची मेलेली डिस्क उचलून उलटी केली. "जुनी तारीख इथे आहे. काका, ताकाला जाऊन भांडं का लपवता?"

काकांनी चष्मा काढला.

"दिवसभर कानाला हेडफोन लावून ही स्वतःलाच ऐकत बसते," ते म्हणाले. "पाटी माझ्याकडे वळवतसुद्धा नाही. घरात माणसं दोन, आणि मी एकटा. वाटलं, चार दिवस बंद पडली तर माझ्याकडे बघेल. मग परत जोडणारच होतो. मोडायचं मला जमत नाही हो, सगळा जन्म दुरुस्तीत गेला."

"आणि तोवर खापर माझ्यावर," शिष्या हळूच म्हणाली.

काकांनीच आपला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि डिस्कवालीच्या देखत बोर्ड जागच्या जागी बसवला. एकही स्क्रू घसरला नाही. बाईंच्या कॉम्प्युटरला जोडताच डिस्क फिरली. टकटक नाही. पडद्यावर गाण्यांची नावं उमटली, आणि बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

मग त्यांनी हेडफोनची वायर उपसून बाजूला टाकली. तरुण, भरदार आवाज खोलीभर पसरला. बाईंनी पाटी पुसली, बराच वेळ लिहिलं, आणि कित्येक महिन्यांनी ती नवऱ्याकडे वळवली.

'आधी पोरीची माफी मागा. मग खुर्ची घेऊन इथे माझ्याजवळ बसा.'

काका उठले आणि दारात उभ्या पोरीकडे गेले.