कुंदाचा हुंकार

“हुंकार द्या गं पोरींनो. हुंकार थांबला की कहाणीही थांबते.”

शांताआत्याचं हे सांगणं विभावरीच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की, वेंगुर्ल्याच्या ध्वनिभांडारात मुख्य नोंदकार म्हणून काम करतानाही ती ओठांतल्या ओठांत हुंकार देत होती. कानात श्रावणी शुक्रवारची कहाणी चालू होती. तिने लहानपणी बाबांच्या मोबाइलवर मुद्रित केलेली, पुढे भांडारात जमा केलेली. आत्याचा आवाज तोच, खोकलाही तोच. मध्येच आत्या रागावली, “अगं, राणीला बोलू तरी दे!”

पण रागावली कोणावर? जिथे धाकट्या बहिणीचा, कुंदाचा ‘हूं’ यायचा, तिथे भांडं आपटल्याचा आवाज आला.

विभावरीने पुन्हा ऐकलं. पुन्हा भांडंच.

कुंदा त्याच वर्षी तापाने गेली. तिचा आवाज जगात एवढ्या एकाच ठिकाणी होता. आई आता अंथरुणाला खिळलेली. “एकदा तिचा हुंकार ऐकव गं,” एवढंच तिचं मागणं. शुक्रवारी ऐकवते, असा विभावरीने शब्द दिला होता. आज शुक्रवार होता.

“सदानंद, या कहाणीचा मूळ ध्वनी काढून दे. सहा वर्षांच्या माझ्या बहिणीचा, कुंदाचा हुंकार आहे त्यात, आज आईला ऐकवायचाय.”

तंत्रज्ञ सदानंद तुळसकर खुर्चीतच चुळबुळला. “मूळ आता कुठलं, ताई? साठा आवळला ना आपण.”

“आवळला म्हणजे?”

“प्रत्येक ध्वनीची परिचयनोंद असते. पूर्वी मेटाडेटा म्हणायचे, ती. कोण बोललं, कधी, कुठे, शब्द कोणते, आवाजाची पट्टी, श्वासाच्या जागा. त्या नोंदीवरूनच हवा तो ध्वनी सापडतो. तुमच्या नोंदी तर इतक्या बारकाईच्या की, त्यांवरून घडणयंत्र अख्खा ध्वनी नव्याने उभा करतं. मग मूळ सांभाळून काय करायचं? नोंदी ठेवल्या, मूळ पुसलं.”

“आणि मला पत्ता नाही?”

“परिपत्रक आलं होतं. तुम्ही तेव्हा गिरनारला.”

“घडवलेलं बरोबर आहे हे कशाशी ताडून बघता?”

“नोंदीशी.”

“आणि जे नोंदीतच नसेल?”

सदानंदने नोंद पडद्यावर आणली. वक्ता : एक. पार्श्वध्वनी : किरकोळ, घरगुती. खाली नोंदकार म्हणून विभावरीचंच नाव. श्रोत्याला रकानाच नव्हता. ऐकणाऱ्याची नोंद करावी असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. ‘किरकोळ, घरगुती’ म्हणजे काय असेल याचा यंत्राने आपल्या परीने अंदाज बांधला, आणि भांडं आपटलं.

“लोक खूश आहेत, ताई. एक तक्रार नाही आजवर.”

“ज्याला आठवतं तोच तक्रार करणार ना रे.”

“एवढं मनाला लावून घेऊ नका. रकाना जोडतो. श्रोता : मुलगी, वय सहा. आत्ता हुंकार येतो बघा.”

ती नको म्हणेपर्यंत त्याने कळ दाबलीही. कहाणी सुरू झाली आणि प्रत्येक वाक्य संपल्यावर एक गोड, स्वच्छ ‘हूं’ येऊ लागला. विभावरीच्या अंगावर काटा आला. कुंदाने कधी वाक्य संपू दिलं होतं? तिचं सगळं लक्ष चण्या-गुळाच्या वाटीवर. कहाणी लवकर आटपावी म्हणून ती आधीच हुंकार देऊन मोकळी व्हायची. इथे मात्र आत्या एका गुणी पोरीवर उगाच रागावली, “अगं, राणीला बोलू तरी दे!”

“तुमच्या आईंना कळणार नाही,” सदानंद हळूच म्हणाला.

“कळेल. आणि नाही कळलं तर ते जास्त वाईट. मग आमच्या घरातूनही कुंदा जाईल, आणि ही यंत्राची कोण कुठली पोर राहील.” तिने डोळे टिपले. “हा आवाज पुसून टाक. रकाना ठेव. त्यात लिही : श्रोता होती. आवाज उपलब्ध नाही.”

“असं लिहायची पद्धत नाही, ताई.”

“आजपासून आहे.”

बाहेर पडून तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून चणे आणि गूळ घेतला. आईला आधी खरं सांगायचं. मग अक्षता हातात घेऊन कहाणी आईलाच सांगायला लावायची, आणि कुंदा हुंकार कशी द्यायची ते जमेल तसं करून दाखवायचं. चालता चालता तिने आत्याचं पहिलं वाक्य मनात धरलं आणि ते संपायच्या आत, मान पुढे काढून, हळूच म्हणून पाहिलं, “हूं.”

अजून घाई कमी पडत होती. पुडी पदराखाली धरून, पुन्हा पुन्हा म्हणून बघत, ती घराच्या वाटेला लागली.