पल्याडचा ठोका

पौषातली सकाळ. कुंभिवलीच्या टपरीवर चहा झाला, आणि वाल्मिकने मोटरसायकलच्या पिशवीतून मोगरी बाहेर काढली.

मोगरी म्हणजे बाभळीच्या लाकडाचा, मुठीएवढ्या डोक्याचा हातोडा. खालापूर आणि कर्जत या दोन्ही तालुक्यांतली रस्त्याकडेची झाडं तपासायचं काम वाल्मिककडे होतं. ऑफिसने कसली कसली यंत्रं देऊ केली तरी त्याचा भरवसा या मोगरीवरच. बुंध्यावर ठोकायचं आणि कान द्यायचा. भरीव झाड घट्ट आवाज देतं, पोकळ झाड रिकाम्या पिंपासारखं घुमतं. ठोकण्याची त्याची एक लकब होती. दोन ठोके पाठोपाठ, मग जरासं थांबून तिसरा. ठक-ठक... ठक. झाड चांगलं निघालं तर बुंध्यावर पांढरा पट्टा, धोक्याचं निघालं तर लाल फुली. पांढरा पट्टा दिसला की लोक त्या झाडाखाली गाड्या लावतात, वडापावचा गाडा टाकतात, पोरांना खेळायला सोडतात. म्हणजे बघा, बोटभर रंगावर किती माणसं विसंबून असतात!

गेले काही महिने वाल्मिक असा काही मन लावून काम करत होता की ऑफिसात त्याची चेष्टा व्हायची. एकेक झाड तो पुन्हापुन्हा ठोकायचा. बैठकीत सगळ्यांसमोर त्याचं कौतुक झालं, तर हा मान खाली घालून बसला. घरी आल्यावर जेवलासुद्धा नाही.

का, ते आधी सांगायला हवं.

कर्जतहून कोंडाण्याला जाणाऱ्या रस्त्यावर एक जुना आंबा होता. त्याखाली कोंडी बसायची. डोंगराखालच्या वाडीतली, पन्नाशीची, तोंडाने फटकळ आणि मनाने उदार. उन्हाळ्यात करवंदं-जांभळं, पावसात रानभाज्या, थंडीत बोरं-आवळे. रान जे देईल ते तिच्या पाटीत. वाल्मिक दर वर्षी पावसाआधी तो आंबा ठोकायला यायचा आणि दर वर्षी कोंडी तीच गंमत करायची. याने अल्याडून ठोकलं की ती पल्याडून करवंदं मोजायचं लाकडी मापटं बुंध्यावर आपटायची. टक, टक.

"कोण आहे गं आत?" वाल्मिक खोटंखोटं घाबरून विचारायचा.

"मीच हाय! च्या आना!"

मग द्रोणभर करवंदं त्याच्या हातात यायची.

गेल्या वैशाखात तो आला तो मात्र घाईत. खालापूरला पुतणीची हळद होती. अंगात नवाकोरा सदरा, आणि मोगरी पिशवीच्या तळाशी, आहेराच्या साड्यांखाली दडपलेली. साड्या सोडायच्या, कुठंतरी धुळीत ठेवायच्या, मोगरी काढायची... त्याला कंटाळा आला. एवढंच. दुसरं काही कारण नव्हतं. रंगाचा डबा तेवढा हँडलला टांगलेला होता. सदऱ्यावर शिंतोडा उडू नये म्हणून हात लांब धरून त्या रस्त्यावरच्या एकूण एक झाडावर तो पांढरे पट्टे ओढत सुटला.

"आज ठोकत नाय ते?" कोंडीने विचारलं.

"गेल्या साली ठोकलंय की. ठणठणीत आहे."

"वरनं भुसा पडतो वो सायब. पाटीत पडतो. जागा बदलू का?"

"काही नको. बस बिनधास्त."

श्रावणातल्या एका दुपारी, पान हलत नसताना, आंबा बुंध्यातून मोडला. कोंडी खाली होती. वाल्मिक धावत पोचला तोवर तिला नेलं होतं. मोडक्या बुंध्यात माणूस उभा राहील एवढी पोकळी होती, आणि बाहेर सालीवर त्याने ओढलेला पट्टा, अजून पांढराशुभ्र. पंचनाम्यात वादळी वाऱ्याने झाड पडल्याचं आलं. वाल्मिकला कुणी एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं, असं त्याला रोज वाटायचं.

पितृपक्षात तो पुन्हा कामाला लागला. रसायनीकडच्या रस्त्यावर एका शिरीषासमोर उभा राहून त्याने मोगरी उचलली, आणि ती बुंध्याला लागायच्या आतच पल्याडून आवाज आला.

टक, टक.

त्याने बुंध्याला वळसा घातला. कोणी नव्हतं. ओली माती, गवत, आणि वास. पिकलेल्या करवंदांचा, गोड-आंबूस. भाद्रपदात करवंदं कुठली? त्याच्या मानेवर काटा आला. तरी कामाच्या सवयीने त्याने ठोकलं. ठक-ठक... ठक. त्याबरोबर सगळं शांत झालं, वासही गेला.

त्यानंतर रोज. कुठलंही झाड असो, दिवसातून एकदा पल्याडून ते दोन ठोके यायचे. गंमत तीच होती. फरक एवढाच, की आता ती आधी ठोकायची. वाल्मिकने घाबरून ठोकलं की आवाज थांबायचा. हळूहळू त्याने आपल्यापुरता अर्थ लावला. आपण त्या दिवशी ठोकलं नाही, म्हणून ती ठोकायला लावतेय. ठीक आहे, कोंडीबाई. ठोकतो. जन्मभर ठोकतो. आणि खरं सांगायचं तर त्या भीतीतही त्याला थोडं हलकं वाटायचं. आपली शिक्षा आपल्याला मिळतेय आणि आपण ती भोगतोय, असं वाटायचं.

तर त्या पौषातल्या सकाळी तो कुंभिवलीच्या नाक्यावरच्या आंब्यासमोर उभा होता. झाडावर चढून वाळक्या फांद्या उतरवणारा दशरथ दोर घेऊन वर गेला होता. मागे हायवेवरून ट्रक धडधडत होते, आणि त्या सगळ्या गोंगाटाखालून, अगदी स्वच्छ, ठोके आले.

टक, टक.

त्या दिवशी वाल्मिकचा हात उचलेना. दुपारी त्याला कोंडाण्याच्या रस्त्यावर जायचं होतं. श्रावणानंतर तिकडे फिरकायची त्याची छाती झाली नव्हती. पण न ठोकता पट्टे ओढलेली ती बाकीची झाडं त्याला झोपू देत नव्हती. रात्रभर त्याने तोच विचार केला होता. आता त्याला वाटलं, पुरे झालं, नाही ठोकत.

टक, टक.

तो दात आवळून उभा राहिला.

टक, टक... टक, टक...

मग बराच वेळ काही नाही. कोणीतरी वाट पाहून निघायच्या बेतात असावं तसं. करवंदांचा वास विरळ होत चालला. आणि मग अगदी हळू, जाता जाता विचारल्यासारखे, दोन ठोके.

टक... टक...

ते मात्र त्याच्याने ऐकवेना. म्हाताऱ्या माणसाने दोनदोनदा विचारावं आणि आपण तोंड फिरवून उभं राहावं, तसं झालं त्याला. त्याने मोगरी उचलली. ठक-ठक... ठक.

सगळं थांबलं.

"दशरथ, तुला काही ऐकू आलं का रे?" त्याने वर पाहून विचारलं.

"तुमी ठोकलंत त्येच! घाम का आलाय तुमाला, थंडीचा?"

दुपार कलली तेव्हा वाल्मिक एकटाच कोंडाण्याच्या रस्त्याला लागला. आंब्याच्या जागी आता नुसतं खोडाचं थोटूक होतं. त्याच्या थोडं पुढे एका जुन्या जांभळीखाली कोंडीची सून नंदा पाटी घेऊन उभी होती. पाटीत बोरं आणि आवळे, वर तेच लाकडी मापटं. आणि जांभळीच्या बुंध्यावर पांढरा पट्टा. त्याच दिवशी, त्याच घाईत, सदरा सांभाळत ओढलेला.

वाल्मिक गाडीवरून उतरला. मोगरी पिशवीतच होती. आधी बोलायचं, मग ठोकायचं, असं त्याने ठरवलं होतं.

"नंदा, ओळखलंस का मला?"

"ओळखनार नाय व्हय? झाडवाले सायब." ती हसली. "बसा. बोरं खावा."

"मला तुला काही सांगायचंय. तुझ्या सासूचं." त्याने मागच्या थोटकाकडे बोट दाखवलं. "त्या आंब्याला मी ठोकलं नव्हतं गं. न ठोकताच पट्टा मारला. तिने विचारलं होतं मला, मी म्हटलं, बस बिनधास्त. चूक माझी होती."

नंदाने पाटी खाली ठेवली. तिला राग आल्याचं दिसेना. उलट लहान मुलाची समजूत काढावी तशी ती बोलली.

"असं का म्हनता, सायब? रोज तर ठोकायचात तुमी."

"मी?"

"व्हय. त्या दिशी तुमी गेलात ना, तवा सासूच्या मनात आलं, आज ठोकलं नाय सायबानं. मंग तिनंच मापट्यानं ठोकलं. आन् पल्याडनं तुमी जवाब दिलात. दोन बिगीबिगी, मंग थांबून एक. सासू हसाया लागली. म्हनली, बग, गेलो म्हनून दाखवतो आन् झाडामागं लपतो. झाड बरं हाय म्हनं."

वाल्मिकने तिच्या पाटीतल्या मापट्याकडे पाहिलं.

"मंग त्ये रोजचंच झालं," नंदा म्हणाली. "बसायच्या आदी ती ठोकायची. तुमचा जवाब आला का बसायची."

"मी... दिसलो का गं कधी तुम्हाला?"

"नाय. गंमतच ती तुमची. आमी बी मागं जाऊन बघितलं नाय."

ऊन डोंगराच्या माथ्यावर गेलं होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"आणि... त्या दिवशी? श्रावणात?"

नंदाने मापटं हातात घेऊन त्याची कड अंगठ्याने पुसली.

"त्या दिशी जवाबच येईना. लई ठोकलं तिनं. परत परत ठोकलं. शेवटाला म्हनली, सायब नाय वाटतं आज, झाडाचं काय खरं नाय, चल गं, फुडं जाऊन बसू. पाटी घेतलीन् बी डोईवर. मंग जाता जाता सहज, हळूच येकदा ठोकलं." तिने वर पाहिलं. "आन् तुमी ठोकलंत."

नंदाने मापटं परत पाटीत ठेवलं.

"मी पानी आनाया गेले. तिनं पाटी उतरवली. बसली."

 सकाळचा कुंभिवलीचा नाका वाल्मिकच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. निघायच्या बेतात असलेले ते शेवटचे हळू ठोके. ती त्याला छळत नव्हती. शिक्षाही देत नव्हती. ती विचारत होती, बसू का? आणि तो भाद्रपदापासून रोज, एकही दिवस न चुकता, तिला सांगत होता, बस. आज सकाळी, म्हणजे तिच्या श्रावणातल्या त्या दुपारी, ती उठून चालली होती. डोक्यावर पाटी होती तिच्या. वाचली असती ती. आणि याने मोगरी उचलली.

"तुमी नका मनाला लावून घेऊ," नंदा म्हणत होती. "आमी कुनी तुमाला बोल लावत नाय. रोज येऊन ठोकायचात, मंग तुमचा काय दोस?"

"नंदा, ऐक माझं..." तो कसाबसा म्हणाला. "इथून ऊठ... म्हणजे, बसू नकोस. या झाडालाही मी ठोकलेलं नाही. मला माहीत नाही हे आतून कसं आहे."

"मंग ठोका की आता."

त्याचा हात पिशवीकडे गेला आणि निखाऱ्याला लागावा तसा मागे आला. ठोकल्याशिवाय झाड कळणार नव्हतं. आणि आपला ठोका कुठे, कधी, कुणाला ऐकू जाईल, हे त्याला आता सांगता येत नव्हतं. नाही. पुन्हा मोगरीला हात लावायचा नाही. घरी जाऊन ती चुलीत घालायची. झाडं दुसरं कुणीही तपासेल. त्याने मनातल्या मनात कोंडीची शपथ घेतली, आणि पाचसहा महिन्यांत पहिल्यांदा त्याला नीट श्वास घेता आला.

"मी नाही ठोकणार," तो म्हणाला. "आता कधीच नाही. तू चल, तुझी पाटी मी घेतो. पुढे मोकळ्यावर बस."

"असं काय करता, सायब?" नंदा हसली. "मी बी रोज इचारूनच बसते की. सासूवानी."

तो पुढे व्हायच्या आत तिने मापटं जांभळीवर आपटलं.

टक, टक.

वाल्मिक श्वास रोखून ऐकत राहिला. वारा नव्हता. पान हलत नव्हतं. जांभळीच्या फांदीवरून भुशाची एक बारीक रेघ खाली आली आणि नंदाच्या पाटीत, बोरांवर, पसरली.

मग बुंध्याच्या पल्याडून, सावकाश, ओळखीच्या हाताने, उत्तर आलं.

ठक-ठक... ठक.

"बगा, बरं हाय," नंदा म्हणाली, आणि पदर सावरून झाडाखाली बसली.

वाल्मिकने पिशवीकडे पाहिलं. मोगरी आतच होती, पिशवीचा बंद आवळलेला होता. त्याने ती उचललेली नव्हती. अजून तरी.