जहाजाची वेळ

लाईट येईपर्यंत बस नम्रता, घाई काय आहे? तो दिवा जरा इकडे सरकव. तू ऑनलाइन जुना लॅपटॉप बघतेयस म्हणालीस, आणि तोही पहिल्यांदाच दुसऱ्या कंपनीचा, म्हणून सांगते. घाबरवायला नाही. शेवट गोड आहे. निदान आजपर्यंत तरी.

माझा आधीचा लॅपटॉप ऐन लग्नसराईत बसला. मी घरी बसून पत्रिका करून देणारी, माझं सगळं त्याच्यावर. चौदा वर्षं मी एकाच कंपनीची होते, पण जो तो म्हणाला, राजश्री, डिझाईनला ती दुसरी कंपनी घे. नवा काही परवडेना. ऑनलाइन शोधता शोधता जयगडची एक जाहिरात सापडली. ‘एका हातचा वापर. मालक जहाजावर.’ माझा नवरा संदेशही जहाजावरच, त्यामुळे ओळखीचंच कुणी भेटल्यासारखं वाटलं आणि दुसऱ्या दिवशी मी एसटीने जयगड गाठलं.

सानवी नावाच्या मुलीने लॅपटॉप दाखवला. तिच्या भावाचा, दीपकचा होता. त्यांची आई मालनकाकू उंबऱ्याशी बसून माझ्याकडे बघत होत्या. भिंतीवर दोन घड्याळं होती. आमच्याकडेही आहेत, जहाजावर माणूस असला की काही घरांत असतातच. एक आपल्या वेळेचं, एक जहाजाच्या. जहाज पूर्व-पश्चिम सरकतं तशी तिथली वेळ एकेक तासाने बदलतात. नवरा कळवतो, आपण स्टुलावर चढून काटा फिरवायचा. मालनकाकूंचं दुसरं घड्याळ आपल्याहून साडेआठ तास मागे होतं. आमचंही त्या दिवशी तेवढंच मागे होतं, कारण संदेशचं जहाज आदल्याच दिवशी ब्राझीलहून आफ्रिकेकडे निघालं होतं.

“तुमचा मुलगाही तिकडेच का?” मी विचारलं.

“व्हय गो. ब्राझीलासनं निघालाय,” काकू म्हणाल्या. “येतच असंल.”

सानवी खाली मान घालून चार्जरची वायर गुंडाळत राहिली.

घरात नवी वस्तू आली की देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय माझ्या सासूबाई तिला हात लावू देत नाहीत. मिक्सरलासुद्धा घातलं होतं त्यांनी. लॅपटॉपपुढे नारळ ठेवला, डोक्यावर पदर घेतला आणि खणखणीत आवाजात सुरू झाल्या.

“बा देवा म्हाराजा, ही परक्याची वस्तू आज माझ्या सुनेच्या हाती आलीय. तिच्या कामाला यश दे. आणि ज्याची ही वस्तू, तो जिथं असंल तिथनं त्याला त्याच्या घरला आणून पोचव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं. कुणाच्या मुलाचं भलं मागायला काय जातंय?

मग माझी परीक्षा सुरू झाली. स्क्रीनवरची खिडकी बंद करायचं बटण उजवीकडचं डावीकडे गेलेलं. कॉपी करायला सवयीने बोट जाई तिथे भलतंच काही उघडे. आणि कोपऱ्यातलं घड्याळ साडेआठ तास मागे. मी ते नीट केलं. चहा ठेवून आले तर परत साडेआठ तास मागे. म्हटलं, या कंपनीची हीच रीत असेल. नव्या सुनेला सासरचं सगळंच उलटं दिसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या ठोक्याला माझ्या डोळ्यांदेखत ते घड्याळ एक तास पुढे गेलं. तिसऱ्या दिवशी बाराला आणखी एक तास.

खरं सांगते, तेव्हा मला भीती नाही, बरं वाटलं. कारण जहाज निघाल्यापासून संदेशचा एकही मेसेज नव्हता. मुंबईच्या ऑफिसात फोन केला तर “मॅडम, काळजी करू नका,” एवढंच. ते काय, जहाज बुडत असलं तरी तेच म्हणतील. संदेश पूर्वेकडे यायला निघाला होता आणि लॅपटॉपातलं घड्याळही तसंच पुढे सरकत होतं. मी वेडी, रोज स्टुलावर चढून भिंतीवरचं जहाजाचं घड्याळ त्याच्याबरोबर लावत राहिले.

पाचव्या दिवशी स्टुलावर उभी असतानाच डोक्यात आलं, की जहाज एक तास पुढे यायला दोन-तीन दिवस घेतं. हे रोज एक तास येतंय. इतकं धावणारं जहाज कुठलं?

त्याच सुमारास तो वास यायला लागला. झाकण उघडलं की इंजिनाचं तेल आणि ओला दोर. संदेश घरी आल्यावर त्याची बॅग उघडली की येतो, तोच. आणि आतून एक बारीक घरघर, दिवसरात्र, लॅपटॉप बंद असला तरी. मी मारुती मंदिराजवळ विनीतच्या दुकानात गेले. त्याने आतलं सगळं पुसून पहिल्यापासून भरलं. घड्याळ परत तिथेच.

“वहिनी, ह्या कंपनीचं घड्याळ असं चुकत नाही हो.”

“आणि हा पंख्याचा आवाज?”

त्याने कान लावला. बराच वेळ लावून धरला.

“ह्या मॉडेलात पंखाच नसतो वहिनी…”

लॅपटॉप माझ्या हातात देऊन तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. दुकानात माझ्याशिवाय गिऱ्हाईक नव्हतं.

नवव्या दिवशी फक्त अर्धा तास उरला. हा अर्धा तास काय असतो ते तुला नाही कळायचं, जहाजवाल्याच्या बायकोला विचार. बाहेर सगळीकडे काटा तास-तास हलवतात. जहाज आपल्याकडच्या बंदरात यायचं असलं की मगच शेवटचा तो अर्धा तास देतात. आमच्या घरात त्या अर्ध्या तासाला पुरणपोळी होते. पण संदेशची साइन-ऑफ, जहाजावरून सुटायची सही, तर दोन महिने लांब होती. मग तो आत्ताच घरी यायला लागला होता, तो कसा?

मी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या ऐकता ऐकता खाली बसल्या.

“मी काय मागितलं गो त्या दिवशी… ज्याची वस्तू त्याला घरला आण म्हटलं. वस्तू तर आता आपली. म्हणजे आपल्याच…”

साइन-ऑफच्या आधी, असा न कळवता, जिवंत माणूस जहाजावरून घरी येत नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

दहाव्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलं होतं, खोलीत भरदिवसा अंधारलं होतं. आम्ही दोघी लॅपटॉपपुढे बसून होतो. घरघर इतकी वाढली होती की खालची फरशी पायाला थरथरल्यासारखी लागत होती. भिंतीवर बाराला एक मिनिट कमी होतं. सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला.

बारा वाजले. लॅपटॉपातल्या साडेअकराचे बारा झाले.

घरघर थांबली. बंदराला लागल्यावर इंजिन बंद करतात, तशी एकदम. मी दाराकडे बघत राहिले. कडी हलली तर उघडायची की नाही, हे मला ठरवता येत नव्हतं. माझ्याच नवऱ्याला, नम्रता! मी रडतेय हेही मला कळत नव्हतं.

बारा वीसला फोन वाजला.

“राजश्री? अगं, जहाजावरची डिश बंद पडली होती, दहा दिवस नेटच नव्हतं. काळजी केलीस काय?”

मी त्याला जे काही बोलले ते तुला सांगण्यासारखं नाही. सासूबाईंनी फोन हिसकावून घेतला आणि पहिलं काय विचारावं? “जेवलास काय रे?”

“आई, इथे सकाळचे सहा पन्नास झालेत!”

सहा पन्नास. म्हणजे साडेपाच तास मागे. तो होता तिथेच होता, समुद्राच्या मधोमध, सुखरूप. अंगातलं वारंच गेल्यासारखी मी फरशीवर पसरले आणि हसत सुटले. सासूबाई देवापुढे दिवा लावायला उठल्या, आणि काडी हातात धरून तशाच थांबल्या.

“मग आला तो कोण गो?”

मी जयगडला फोन लावला. सानवीने उचलला.

“ताई, मी जाहिरातीत खरं लिहिलं नाय. माफ करा. दादा तीन वर्षांमागं ब्राझीलासनं निघाला आणि दोन दिवसांनी जहाजावरनं नाहीसा झाला. सापडलाच नाय. कंपनीनं नुसतं सामान धाडलंन. आई मानीतच नव्हती, रोज त्याच्या घड्याळाला हात जोडी.”

“आणि आता?”

“आत्ता बाराला तिनं ते घड्याळ उतरवून ठेवलंन. दोन पानं वाढलीन…” तिचा आवाज अगदी खाली आला. “म्हणते, हळू बोल, जेवून निजलाय. ताई, मी आतल्या खोलीत गेले नाय अजून. पण आई हसतेय हो. तीन वर्षांनी हसतेय.”

मला भीती वाटायला हवी होती. पण देवाशपथ सांगते, मला बरंच वाटलं. कुणीतरी तीन वर्षं वाट चुकलेलं घरी पोचलं होतं, आणि माझा माणूस जिवंत होता. त्या रात्री मी कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

लॅपटॉप परत नाही केला. वास गेला, घरघर गेली, काम झकास होतं. डावीकडच्या बटणाचीही सवय झाली.

फक्त दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तेव्हा घड्याळ आपली वेळ दाखवत नव्हतं. साडेपाच तास मागे होतं. तेव्हापासून संदेशच्या जहाजाची वेळ बदलली की इथे आधी बदलते आणि मग त्याचा मेसेज येतो. वस्तू आता आमची आहे ना. आज साडेतीन तास मागे आहे. साइन-ऑफला अजून सहा आठवडे आहेत.

सासूबाई रोज संध्याकाळी गाऱ्हाणं घालतात. जगातल्या सगळ्या आया मुलाला घरी आण म्हणतात, या मात्र शब्द तोलून तोलून बोलतात. “बा देवा म्हाराजा, त्याची सुटकेची सही होईपर्यंत त्याला घरला आणू नको. तवर लांबच ठेव रे म्हाराजा, लांबच ठेव.”

आणि मी लॅपटॉपातलं घड्याळ एकदा बघून घेते, मग म्हणते, “व्हय म्हाराजा.”