मदतपात्र महानंदाबाई

महानंदाबाई बिराजदारांना स्वतःच्या घरात स्वतःच्या हाताने चहा करायची चोरी झाली होती. साडेसातला चहाची पाळी असलेले जोडपे येई, आठला केर काढणारी, आणि नऊच्या ठोक्याला भाजी चिरायला मल्लिनाथ. बाईंनी भांड्याला हात लावला रे लावला, की कुणीतरी लगबगीने ते काढून घेई.

सात महिन्यांपूर्वी त्या न्हाणीघरात पडल्या, मनगट मोडले, आणि सोलापूरच्या त्या वसाहतीत आनंदीआनंद झाला. घरोघरची कामे यंत्रे करत होती, त्यामुळे कुणाचे कुणावाचून अडत नव्हते. नेमके त्याच काळात सिद्ध झाले होते, की दुसऱ्याला मदत केली की रक्तदाब उतरतो, झोप लागते. डॉक्टर गोळ्यांऐवजी मदत लिहून देऊ लागले. ती लागू पडली का, हे प्रत्येकाच्या मनगटावरची पट्टी घामातली द्रव्ये मोजून सांगे. हिरवी म्हणजे उत्तम, तांबडी म्हणजे धोका. पण मदत घ्यायला माणूस आणायचा कुठून? बाईंचे नाव 'मदतपात्र' म्हणून नोंदले गेले आणि त्यांच्या घरातली यंत्रे लोकांनी उचलून नेली.

हाड केव्हाच जुळले होते. तीस वर्षे शाळेत खिचडी रांधलेली ही बाई आता पाटावर नुसती बसून होती. जीव कोंडला होता तिचा. सात महिन्यांत तिची पट्टी पिवळ्यावरून हलली नव्हती.

आज मात्र दहाला तपासणी होती. मूठ घट्ट वळली की नाव कटणार. बाईंनी महिनाभर चोरून टॉवेल पिळून सराव केला होता.

"मल्लिनाथ, आज सुटते बघ मी," त्या खुशीत म्हणाल्या. "उद्यापासून माझी भाजी मी चिरणार."

सुरी थांबली. "मग मी कुठं जाऊ ओ मावशी?"

"जा की दुसऱ्याकडं."

"दुसरं कोण हाय? पाळीच्या यादीत माझ्यापुढं चाळीस जण हायत. मागं आठ दिवस पाळी चुकली, तर दवाखान्यात नेऊन टाकलं मला. गोळ्या सोसत न्हाईत ओ."

बाईंना संतापच आला. याच्या प्रकृतीपायी मी जन्मभर लुळी बसू? पण त्याचे ओठ पांढरे पडले होते आणि पट्टी तांबडी होत चालली होती.

तेवढ्यात आरोग्यसेविका तबस्सुम आली. "मावशी, मूठ वळा बघू."

बाईंनी बोटे अर्ध्यावर आणली आणि कळवळल्या, "आई गं! नाही होत गं बाई."

"हरकत नाही. सहा महिने वाढवते," तबस्सुम नोंद करत म्हणाली. मल्लिनाथने सुस्कारा सोडला आणि गवारीची मूठ उचलली.

बाईंना एकदम हलके वाटले. किती दिवसांनी आपण कुणाच्या उपयोगी पडलो! हसू ओठांवर आले, आणि पाठोपाठ पट्टी आठवली. त्यांनी घाईघाईने मनगटावर पदर ओढला.

पण तबस्सुमने पट्टी पाहिली होती. गर्द हिरवी. मदतपात्राच्या हातावर हा रंग तिने कधीच पाहिला नव्हता.

"मावशी," तिने हळूच विचारले, "आत्ता तुम्ही कुणाला मदत केलीत?"