दोन वाक्यांच्या मध्ये

हे खोटं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मला रंगवून सांगता येत नाही. यात रंगवण्यासारखं काही नाहीही. जे झालं ते दिवसाढवळ्या झालं. मंगळवार होता, दुपारचे सव्वाचार. माझ्या सख्ख्या आत्याच्या घरी, आतल्या खोलीत. दार उघडं होतं. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, बादलीचा आवाज येत होता.

मी एका ग्रंथालयात काम करते. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांच्यासाठी आम्ही पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतो आणि फोनवर पाठवतो. ऐकणाऱ्यांचे फोन जुने, त्यात जागा कमी, नेट रडतखडत. त्यामुळे अकरा तासांची कादंबरी दोन फोटोंच्या जागेत बसवावी लागते.

हे बसवायचं काम बारीकरावांचं. माणूस पन्नाशीचा, चांगला आडवा. पण फाईली बारीक करतो, म्हणून हे नाव पडलं. त्यांनी एकदा मला समजावून सांगितलं होतं.

"प्रोग्रॅम आवाज साठवतच नाही, ताई. आवाज कसा होता याची नुसती टिपणं ठेवतो. पलीकडचा फोन त्या टिपणांवरून आवाज पुन्हा तयार करतो. आणि जिथे कुणी बोलत नाही तिथे काहीच ठेवत नाही. गप्प बसायला जागा लागत नाही."

आत्या एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आवाज असा की ऐकणारा सरळ होऊन बसेल. तिचे यजमान गेल्यावर घर तिला खायला उठायचं. म्हणून मीच तिच्या हातात माईक दिला.

मीच दिला, हे आधी सांगून टाकते.

आतल्या खोलीच्या भिंतींना रजया टांगल्या, टेबल मांडलं. तीन पुस्तकं तिने झोकात वाचली. चौथं सुरू केलं, पहिले काही भाग आम्ही पाठवले आणि आठवड्याभरात एका श्रोत्याचा फोन आला.

हे काका निवृत्त टायपिस्ट. जन्मापासून दिसत नाही, पण जिन्यातल्या पावलांवरून चप्पल कुणाची ते ओळखतात.

"पुस्तक छान आहे," ते म्हणाले. "पण त्या दुसऱ्या बाई कोण?"

"कुठल्या दुसऱ्या?"

"मध्ये मध्ये बोलतात त्या. पान संपलं की त्या म्हणतात..."

ते थांबले.

"म्हणतात, 'उलट.'"

मी मूळ रेकॉर्डिंग ऐकलं. आत्याचा आवाज. मग शांतता. मग पानाची सळसळ. पुन्हा आत्या. दुसरं काही नाही. आवाज पूर्ण वाढवून ऐकलं, तरी नाही.

मग काकांना पाठवलेली फाईल लावली. ती सगळ्यात बारीक केलेली.

आत्या वाचत होती. वाक्य संपलं. शांतता...

"उलट."

मग पानाची सळसळ.

आवाज बाईचा होता. वय कळत नव्हतं. रागावलेला नाही, घाईतला नाही. रोजची सवय असल्यासारखा.

बारीकराव आधी हसले. "असं होतं कधी कधी. पंख्याची घरघरसुद्धा प्रोग्रॅमला माणूस वाटते." पण मग त्यांनी फाईलचं वजन तपासलं. बाकीच्या वाचकांच्या शांततेला वजन नव्हतंच. आत्याच्या पहिल्या तीन पुस्तकांतही नव्हतं. चौथ्यात मात्र होतं. पानापानाच्या मध्ये, बोलण्याला लागते तेवढी जागा भरलेली होती.

"ताई, प्रोग्रॅमला इथे माणूस ऐकू येतोय," ते हळूच म्हणाले. "पंखा असा चढ-उतार करून बोलत नाही."

त्यांनी हेडफोन काढून ठेवले. त्या दिवशी पुन्हा घातले नाहीत.

म्हणून मंगळवारी मी आत्याकडे गेले. काही सांगितलं नाही. "तू वाच, मी नुसती बसते," एवढंच म्हणाले. ती माईकसमोर बसली, मी मागे खुर्चीत.

तिने पान वाचून संपवलं. पण उलटलं नाही.

बोट पानाच्या कोपऱ्यावर ठेवून ती तशीच बसली. मान जराशी कललेली. लाईन लागायची वाट बघत असल्यासारखी.

एक... दोन... तीन...

मग पान उलटलं.

पुढच्या पानालाही तेच. त्याच्या पुढच्याही.

"आत्या, तू प्रत्येक पानाला कशाला थांबतेस?"

"कुठे थांबते? काहीतरीच तुझं."

ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं. तिने पुन्हा वाचायला घेतलं. दोन पानं झाली. मग ती थांबली, चष्मा काढला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू जरा बाहेर बस गं. माझं लक्ष लागत नाही."

आत्याने मला आयुष्यात कधी बाहेर बस म्हटलेलं नाही. लहानपणी तिच्या एक्स्चेंजमध्येसुद्धा साहेबांच्या नजरेआड मला टेबलाखाली बसवून ठेवायची ती.

मी बाहेर बसले. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते.

दुसऱ्या दिवशी ते रेकॉर्डिंग बारीकरावांनी बारीक केलं. आम्ही दोघांनी एकत्र ऐकलं. माझा प्रश्न आला. आत्याचं उत्तर आलं. दोन पानं गेली. मग शांतता...

"तिला बाहेर काढ."

आणि लगेच माझ्या आत्याचा तो प्रेमळ, स्वच्छ आवाज. "तू जरा बाहेर बस गं."

बारीकरावांनी पाण्याचा ग्लास माझ्यापुढे केला.

मी त्याच संध्याकाळी गेले आणि माईक, यंत्र, पुस्तक, सगळं उचलून आणलं. वाटलं होतं, आत्या भांडेल. ती भांडली नाही. "बरं," म्हणाली. त्या "बरं"च्या आधी ती किती वेळ गप्प होती, ते मी मोजलं नाही. मोजायची हिंमत झाली नाही.

बारीकरावांनी चौथं पुस्तक पुसून टाकलं. मला वाटलं, सुटलो.

चार दिवसांनी मी बाजारातून आत्याला फोन केला. रेंज धड नव्हती. तिचा आवाज चिरका, तुटक येत होता. फोनवरचा आवाजसुद्धा असाच बारीक होऊन येतो, हे तेव्हा माझ्या ध्यानातही नव्हतं.

"आत्या, माझ्याकडे राहायला ये. कायमची."

ती गप्प. आणि त्या गप्प जागेत, अगदी कानाशी...

"नाही म्हण."

"नाही गं," आत्या म्हणाली. "माझं इथेच बरं आहे."

मी हातातली पिशवी तिथेच खाली ठेवली.

"आत्या, तुझ्याजवळ कुणी बसलंय का?"

पुन्हा ती गप्प झाली. मी घाईघाईने फोन कानापासून लांब धरला आणि बंद केला.

मग फोन केलाच नाही. थेट टॅक्सी घेऊन दारात उभी राहिले आणि तिचा हात धरला. विचारलं नाही, उत्तराला जागाच ठेवली नाही. "चल," म्हटलं. ती एका पिशवीनिशी निघाली. टॅक्सीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली, लहान मुलासारखी.

याला आता चार महिने झाले. आत्या मजेत आहे. जेवते, माझ्या नवऱ्याशी पत्ते खेळते, चक्क लबाडी करून जिंकते. तिच्या घराला कुलूप आहे. तिचा आवाज एकदा रेकॉर्ड करून बघूया का, असं बारीकरावांनी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा नको म्हटलं.

नवऱ्याला मी यातलं काही सांगितलेलं नव्हतं. गेल्या गुरुवारी दुपारी त्याने ऑफिसातून फोन केला. आत्या शेजारणीकडे गेली होती. घरात मी एकटीच.

बोलता बोलता तो म्हणाला, "एक विचारू? आत्यांना तू अशी तडकाफडकी का आणलंस? खरं सांग."

मी थोडा वेळ विचार केला. मग म्हटलं, "काही नाही रे. एकटी होती, म्हणून."

संध्याकाळी तो घरी आला. बूट काढता काढता सहज म्हणाला, "दुपारी घरात कोण आलं होतं?"

"कुणी नाही. का?"

"अगं, मी आत्यांचं विचारलं आणि तू गप्प झालीस ना, तेव्हा मागून कुणी बाई बोलल्या. आत्यांचा आवाज नव्हता तो."

"काय म्हणाल्या?"

"'सांगू नको,' असं काहीतरी."

तो हात धुवायला आत गेला. मी तिथेच उभी राहिले.

त्याने विचारलं तेव्हा सगळं खरं माझ्या ओठांवर आलं होतं. मग एकाएकी वाटलं, नको. का नको वाटलं, ते मी त्या दिवसापासून आठवून बघते आहे...

मला वाटलं होतं, ते मीच ठरवलं.